लूमचा पट्टा

या इंजिनाने माझं डोकं फिरवलंय. चांगदेवशेठच्या आजोबांची ही गाडी. तिचं बेअरिंग आता भिवंडीतच काय, कुठेच मिळत नाही. आणि उद्या शेठच्या मुलीची, उन्नतीची, वरात याच गाडीतून निघायची आहे.

शेवटी जुन्या मिस्त्रींचा जुगाड केला. जवळच्या कोन गावातल्या एका बंद कापड कारखान्यातून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, चामडी पट्टा आणला, तेलात भिजवला, कापून बेअरिंगच्या जागी बसवला. इंजिन सुरू झालं, पण आतून खटखट येतच राहिली.

"मनोज, गाडी झाली का न्हाय? का वरात चालत काढू?" शेठ दारातून ओरडले.

"आवाज हाय शेठ, जरा दम धरा की!" मीही तडकलो.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. खट-खट, खट-खट. हा बेअरिंगचा आवाज नव्हता. आमच्या गल्लीत लहानपणापासून ऐकलेला लूमचा आवाज होता.

वैतागून चावी काढली. इंजिन बंद झालं. कानात लूम चालूच.

शिवी हासडून गाडीखाली शिरलो, चेंबर खोललं, पट्टा उपसून बाहेर फेकला. पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला. लूम चालूच.

आता मात्र माझी सटकली. हातातला पाना इंजिनावर जोरात हाणला.

लूम थांबला. कारागीर हँडल ओढून थांबवतो, अगदी तसा.

मग पलीकडून, इंजिनाच्या आतून, माझ्या कानाशी धरलेल्या स्क्रूड्रायव्हरवर हलकासा भार आला, दुसऱ्या टोकाला कुणीतरी कान टेकवल्यासारखा.