चपला दाराबाहेर

बीदरच्या आमच्या पतसंस्थेत पहिला कॉम्प्युटर आला, त्याला एसीची खोली मिळाली आणि ऑपरेटर नागराज तिचा पुजारी झाला. चेअरमन बिराप्पाअण्णासुद्धा चपला दाराबाहेर काढून आत जायचे. "दार लावा, गार हवा जायलीय," नागराज बजावायचा. पुढं टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले. अण्णा म्हणाले, "नागराज, खोली बंद करायलोय." "मग मी घरी बसू व्हय, अण्णा?" "घरी कामून? संचालकांच्या बैठकीत बस. नौबादला शाखा काढायची का न्हाई, तू सांग." "मला मशीन कळतंय, धंदा न्हाई." "आमाला तरी कुठं कळायलाय? ये." बैठकीच्या दिवशी घाबरलेल्या नागराजनं सवयीप्रमाणे सभागृहाच्या दाराबाहेर चपला काढल्या. त्या पाहून संचालकांनीही निमूट काढल्या. सगळ्यांना अनवाणी बघून त्याला धीर आला. "दार लावा, गार हवा जायलीय," तो म्हणाला. सभागृहात एसी नव्हता. अण्णांनी उठून दार लावलं.