चिमूटभर मागे

तपासणीला आलेल्या दाभाड्यांनी वीजकेंद्राच्या चालक गुरवबाईंसमोर कागद सरकवला. "बाई, तुमच्याच पाळीत वीज कमी का भरते?"

"कितीशी कमी?"

"अब्जात एक भाग. पण अकरा वर्षं रोज तेवढीच. म्हणजे हा बिघाड नाही, कुणीतरी मुद्दाम करतंय."

काचेपलीकडच्या भट्टीत दुपारच्या पाळीचं विश्व नुकतंच जन्मलं होतं, मोहरीएवढं. त्यातला कण न् कण निपटून तालुक्याला वीज द्यायची आणि पोकळ बुडबुडा कायमचा सोडून द्यायचा, असा नियम होता.

गुरवबाई ओशाळल्या. "मीच झडप जरा आधी बंद करते, साहेब. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच. हे तर अख्खं विश्व. रिकामं सोडायला हात धजत नाही."

"नोकरी जाईल तुमची."

"ठाऊक आहे."

दाभाडे अहवाल लिहू लागले, पण आकड्यापाशी त्यांचा हात थबकला. हा आकडा त्यांनी कॉलेजात पाठ केला होता. आपल्या विश्वाच्या आरंभी सगळे कण आणि प्रतिकण एकमेकांना भिडून नाहीसे व्हायला हवे होते, तरी अब्जात एक कण उरला. त्या उरल्यासुरल्यातूनच तारे झाले, माणसं झाली. तो का उरला, त्याआधी काय होतं, असं विचारल्यावर प्राध्यापक नुसते हसले होते.

त्यांनी अहवालाची घडी करून खिशात घातली.

"बाई," ते हळूच म्हणाले, "बघा, तुमची झडप जरा आधी बंद करायची वेळ टळून जाईल."