पाण्यातली पावलं

धरणाचं पाणी त्या उन्हाळ्यात इतकं खाली गेलं, की बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडली. भेगाळलेल्या गाळातून भगवंत पुढे चालला होता. मागे जुन्नरच्या लेण्यांचा अभ्यास करणारी कल्याणी, आणि सगळ्यात शेवटी भगवंतची बायको प्रयागबाई.

भगवंतच्या बुडालेल्या शेताच्या कडेला एक आडवी शिळा होती. तिच्यावर दोन पावलं कोरलेली. प्रयागबाईने पदराने त्या पावलांच्या बोटांमधला गाळ पुसला आणि ती बाजूला जाऊन बसली.

कल्याणीचा आनंद पोटात मावेना. जगभर माणसांनी खडकांवर पावलं कोरली आहेत, पार उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतसुद्धा, असं ती सांगत राहिली. आपल्याकडे तर बुद्धांची मूर्ती घडायच्या आधी लोक त्यांच्या पावलांनाच हात जोडत. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. हे बघायला ते हवे होते, असं ती म्हणाली.

"पण इतकी लहान?" तिने विचारलं.

"देवाची पावलं ल्हानच असत्यात, ताई. लक्षुमीची न्हाई का?" भगवंत म्हणाला. "माझा पणजा हितं दिवा लावायचा."

त्याला एकच हवं होतं. पाणी चढायच्या आत शिळा वर, नव्या गावात न्यायची. पण धोंड ती, माणसांना हलत नव्हती आणि ट्रॅक्टर गाळात रुतत होता. लोक म्हणत, एका दगडापायी कशाला जीव काढतोस, राव? मात्र तालुक्याच्या रस्त्यावरचा एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा वीराचा दगड, सरकारने क्रेनने उचलून नेलेला त्याने पाहिला होता. जुन्या दगडाला क्रेन मिळते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून तो कल्याणीच्या मागे लागला होता.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. या खेपेला सरकार लगेच आलं, कारण कल्याणीने जीव तोडून पाठपुरावा केला होता. पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी शिळा पाहिली, फोटो काढले आणि भोवती तारेचं कुंपण घालायला लावलं.

क्रेन कधी येणार, असं भगवंतने विचारलं.

"क्रेन कशाला? वीरगळ रस्त्याच्या कामात उखडला होता, म्हणून नेला. इतकी प्राचीन वस्तू जागची हलवता येत नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "दगडच आहे बाबा, पाण्यात त्याला काय होतंय? तुमच्या घरचा असता, तर कुठेही नेला असता."

भगवंतचा चेहरा उतरला.

"घरचाच हाय, साहेब," शेवटी तो म्हणाला. "जुना न्हाई त्यो. म्याच कोरलाय."

साहेब हसले. वस्तू हातची जाऊ नये म्हणून लोक काय काय सांगतात, हे त्यांनी गावोगाव ऐकलं होतं. कल्याणीला म्हाताऱ्याची कीव आली. पणज्याचं तुम्हीच सांगितलं होतं ना, असं ती हळूच म्हणाली, आणि भगवंतने मान खाली घातली. त्याचा खोटेपणा तिने मनातल्या मनात माफ करून टाकला. दगडावर एवढी माया करणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

जीप गेली. भीमाशंकरच्या अंगाला पाऊस लागला होता आणि पाणी कुंपणाच्या खांबांपर्यंत आलं होतं. प्रयागबाई तारेला धरून उभी होती.

"हितं पुरायच्या आधी चारच दिस त्येची पावलं धरून तुमी कोळशानं रेघ वढली व्हती," ती नवऱ्याला म्हणाली. "गुदगुल्या व्हऊन किती हसला व्हता आपला सोपान."