एका भिंतीला नवा रंग

रंगाऱ्याने मागच्या खोलीच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, थोडं खाली सरकून पुन्हा टकटक केलं. भिंत ठणठणीत होती. तिथेच त्याला शंका आली.

तीस वर्षांचं जुनं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर व्हरांडा, आणि भाव इतका कमी, की ऐकणाऱ्याला आधी आनंद व्हावा आणि मग संशय यावा. त्यात घरमालकीण ही अशी. दारातच घराच्या खोडी सांगून मोकळी झाली होती. न्हाणीघराचं दार दमट हवेत फुगतं. मागच्या खोलीत ऊन येत नाही. शेजारचा पहाटे पाचला गाडी सुरू करतो, तेव्हा फळीवरची भांडी वाजतात. "आधीच सांगते बाबा, मागाहून शिव्या नकोत," म्हणाली.

विकणारी बाई स्वतःहून तीन खोडी सांगते म्हणजे चौथी पोटात दडवलेली असणार, एवढं न कळायला रंगारी काही दूधखुळा नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

हे त्याने पाहिलेलं बारावं घर. आधीच्या अकरांत काही ना काही नडलं होतंच. एकाची गच्ची, दुसऱ्याचं गटार, तिसऱ्याच्या मालकाचं हसणं. बायको बरोबर असायची. आठ वर्षं ती जावेच्या स्वयंपाकघरात वळचणीला राहिल्यासारखी राहिली होती, स्वतःचा एक डबा ठेवायला तिला हक्काची फळी नव्हती. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुऊन तिने निम्मे पैसे जमवले होते आणि घर पसंत करायचं काम नवऱ्यावर सोडलं होतं, कारण भिंतीतलं त्याला कळतं. आत्ता ती आत ओट्यापाशी उभी राहून खिडकी उघडत होती, लावत होती, परत उघडत होती.

"मावशी," रंगाऱ्याने हाक मारली, "तीन भिंती पिवळ्या पडल्यात आणि ही एकच कशी हो नवी कोरी?"

घरमालकीण दारात आली. "मीच रंगवली. यजमान दोन वर्षं तिथे खाटेवर होते, भिंतीला डोकं टेकून बसायचे. तेलाचा डाग पडला होता. घासून पाहिला, निघेना."

"अच्छा," रंगारी म्हणाला. तेलाचा डाग. काय पण कारण शोधलंय बाईने. त्याने खिशातून किल्ली काढली आणि विचारण्याच्या भानगडीत न पडता रंग खरवडायला घेतला.

"अहो," बायको आतून येत म्हणाली.

पापुद्रा सुटला. खाली ओल नव्हती. पांढरा क्षार नव्हता, भुसभुशीत गिलावा नव्हता. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर एक तपकिरी, गोलसर डाग होता, मधोमध गडद, कडेला विरत गेलेला. घरमालकिणीने एकदा तिकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. रंगाऱ्याने किल्ली थोडी खाली धरली आणि आणखी वीतभर खरवडलं. कोरडं. त्याच्याही खाली कोरडं.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

त्याला खरं तर लाज वाटली होती. पण लाज वाटली की तो जास्त बोलायचा. "राग मानू नका मावशी. लोक काय काय करतात तुम्हाला ठाऊक नाही. ओल आलेली भिंत वरवर खरवडायची, पुट्टी भरायची, त्यावर ऑइल पेंटचा एक हात, आणि वरून साधा रंग. तीन महिने भिंत तोंडातून शब्द काढत नाही. तोवर कागद झालेले असतात."

"बरंच बारकाईने माहीत आहे तुम्हाला."

"चौदा वर्षं करतोय," तो अभिमानाने म्हणाला. अभिमान तोंडातून बाहेर पडला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, काय बोललो ते.

घरमालकीण जराही चिडली नाही. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात ते हे," एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि चौथ्या महिन्यात काय करतात ती घेणारी माणसं?"

"ते बघायला मी नसतो. माझं गिऱ्हाईक विकणारा."

बायकोने खाली वाकून जमिनीवर पडलेले रंगाचे पापुद्रे वेचायला सुरुवात केली. घरमालकीण तिच्याशेजारी खाली बसली, गुडघे धरून, हळूहळू.

"घर आवडलं तुला?"

बायकोने मान हलवली.

"दार फुगतं तरी?"

"दाराला खांदा लावला की उघडतं. पाहिलं मी."

"मग घर तुला देते. कागदावर एकट्या तुझं नाव. याच्या नावावर केलं तर उद्या हा दुसऱ्याला विकेल आणि एक खोड सांगणार नाही. चालेल का बोल."

"चालेल," बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

रंगारी किल्ली हातात धरून उभा होता. त्याने एकदा घरमालकिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. त्याचा आवाज उतरला. "हे तुम्ही दोघींनी आधीच ठरवून ठेवलं होतं का?"

"नाही," बायको म्हणाली आणि ओंजळीतले पापुद्रे घेऊन उठली. "अकरा घरांपूर्वी ठरवायला हवं होतं."