परतीचा पंप

"ओढू?" दानियारने विचारलं.

"ओढ," तोक्तार अता, म्हणजे तोक्तार आजोबा, म्हणाले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

दानियारने पंपाचा प्लग ओढला. घरघर थांबली. वरच्या काचेच्या टाकीतलं पाणी उलट्या वाटेने नळीतून खालच्या टाकीत उतरू लागलं. खालची पातळी चढली, चढली आणि काठाच्या चार बोटं खाली थांबली.

"उघडा डोळे. एक थेंब सांडलेला नाही. आता आल्माटीची वीज आठवडाभर गेली तरी खाली काही जायचं नाही."

"मग खालच्या मजल्यावरच्या कुलाशच्या छतातून पाणी येतं कुठून?"

हाच तर प्रश्न होता.

तोक्तार अतांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पोरांना फळ्यावर जगातले सगळे समुद्र काढून दाखवले, स्वतः एकही पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घरीच आणला. तीनशे लिटर खारं पाणी, जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे. बायको गेल्यापासून जे काही बोलणं व्हायचं ते त्या माशांशीच.

मार्चमध्ये वीज गेली. जुन्या दांडग्या पंपाने वर चढवून ठेवलेलं पाणी एकदम परत आलं, खालची टाकी भरून वाहिली आणि फरशीतून झिरपत तिसऱ्या मजल्यावर कुलाश अपाय, म्हणजे कुलाशताई, यांच्या स्वयंपाकघरात उतरलं. अपाय तरातरा वर आल्या. "पुन्हा एक थेंब जरी आला ना तोक्तार, तर इमारतीच्या समितीकडे जाईन. ही टाकी या घरात राहणार नाही."

तेव्हापासून मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दानियारच्या चकरा सुरू झाल्या. त्याच्या दुकानातला सर्वांत मोठा पंप अतांच्या मनात भरला होता. दानियारने तो जागेवर ठेवायला लावला. "दीड मीटर उंची चढायची आणि वाटेत दोन वळणं. तुम्हाला नदी नकोय अता, ओढा पुरे." त्याने वेग कमी-जास्त करता येणारा लहान पंप बसवला. नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणलं आणि तिथेच एक बारीक भोक पाडलं. वीज गेली की भोकातून हवा शिरणार आणि परत येणारी धार तुटणार. काम चोख होतं.

तरी दर गुरुवारी कुलाश अपाय छतातून गळलेलं पाणी पुरावा म्हणून घेऊन येत. पहिल्यांदा पेलाभर. मग वाडगाभर. मागच्या खेपेला पातेलं.

"गळती वाढत चाललीय," दानियार हवालदिल होऊन म्हणे. भोकात टाकीतली एखादी गोगलगाय अडकली असेल म्हणून त्याने नळी दोनदा ब्रशने घासली. वेग दोन घरं खाली आणला. प्रवाळ हिरमुसले तसा एक घर पुन्हा वर नेला. फरशी चाचपून पाहिली तर खडखडीत कोरडी.

"अपाय, एकदा तुमचं छत तरी पाहू द्या," तो म्हणाला होता.

"घर आवरलेलं नाही. आणि छत काय पळून जातंय? तू आधी पंप बघ."

आज पुन्हा गुरुवार होता. टाकीतून काढलेल्या पाण्याची बादली दानियारने खिडकीखाली ठेवली तसे अता ओरडले, "तिथे नको रे! जिरेनियमवर खारा शिंतोडा उडाला तर जळून जाईल." मार्चमध्ये त्या कुंडीत नुसत्या काड्या होत्या. आता लाल फुलांनी ती भरून गेली होती.

बेल वाजली. दारात कुलाश अपाय होत्या. डोक्याला रेशमी रुमाल, हातात काठोकाठ भरलेलं घमेलं.

"घ्या तुमचा समुद्र. ही शेवटची संधी!" असं त्या चौथ्यांदा म्हणत होत्या.

"उंबऱ्यावर भांडू नये. आत या."

"मी बसायला आले नाही."

"नानचा तुकडा तरी मोडा. नान न चाखता कोणी गेलंय का या घरातून?"

त्यांनी तुकडा मोडला. नुसता नान कसा खायचा, म्हणून दुधाचा चहा आला. एकाचे तीन पेले झाले. तिन्ही पेले संपेपर्यंत त्यांनी पंपाचा उद्धार केला आणि अतांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दानियारला त्यांची दया आली.

"घमेलं धुऊन पाठवा," अपाय उठता उठता म्हणाल्या.

"रिकामं भांडं शेजारी पाठवायची रीत आहे का आपल्यात?" मागचं पातेलं जर्दाळूंनी भरून खाली गेलं होतं.

अपाय गेल्या. अता घमेल्यात घालायला बाउरसाक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणायला स्वयंपाकघरात गेले. दानियार घमेल्यापाशी उकिडवा बसला. पाणी टाकीतलं ताजं की फरशीत मुरलेलं जुनं, हे खारटपणावरून कळेल असं त्याच्या मनात आलं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

गोडं पाणी.

त्याने पुन्हा चाखलं. मिठाचा कणसुद्धा नाही. सरळ सरळ नळाचं!

त्याचं डोकं फिरलं. दोन महिने खटपट, म्हाताऱ्याच्या जिवाला घोर, एवढ्या मायेने वाढवलेला समुद्र घराबाहेर जायची वेळ आली, आणि हे सगळं एका थापेपायी? आत्ताच्या आत्ता सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

"अता, हे पाणी—"

"हो, हो." अतांनी बाउरसाकची थाळी खाली ठेवली आणि घमेलं दोन्ही हातांनी उचललं. पाणी चाखलं नाही, त्याचा वासही घेतला नाही. खिडकीपाशी जाऊन त्यांनी ते सावकाश जिरेनियमच्या कुंडीत ओतलं, कुंडी भरेपर्यंत. उरलेलं जपून झारीत काढून ठेवलं.

मग घमेलं पुसून त्यात बाउरसाक भरले, दार उघडलं आणि जिन्यात वाकून मोठ्याने हाक दिली.

"कुलाश! पोराला गळती काही सापडली नाही हो! पुढच्या गुरुवारपर्यंत लक्ष ठेवा!"