कुठे चाललीस?

"कुठे चाललीस?" हॉस्टेलच्या दारात बसणाऱ्या चिनी मावशींनी आजही विचारलंच.

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' असं विचारत नाहीत. काम होत नाही म्हणतात. आणि ही बाई रोज विचारते! नक्की वर कुणाला तरी कळवत असणार. मी इथे चिनी भाषा शिकायला आलेय, पहाऱ्यात राहायला नाही. म्हणून मी रोजचंच उत्तर फेकलं, "लायब्ररीत." आणि डोंगरावरचं जुनं देऊळ बघायला निघून गेले.

दुपारी बर्फ पडू लागला. बस बंद झाल्या. कुडकुडत, चालत संध्याकाळी परतले, तर मावशींची खुर्ची रिकामी. म्हटलं, गेली वाटतं चुगली करायला!

"तुलाच शोधायला गेल्यात," रूममेट म्हणाली. "तू छत्री विसरलीस ना. मघाशीही सगळी लायब्ररी पालथी घालून आल्या."

तेवढ्यात मावशी आल्या. केसांत बर्फ, काखेत माझी मिटलेली छत्री. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि केस झटकत खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. मी दारातच घुटमळले.

"मावशी, बाजारात चाललेय," मीच म्हणाले. "खरंच."