शीहचा काढा

अम्मानच्या रुग्णालयात सीरीनची केमो चालू होती. लिव्हरचे रिपोर्ट एकाएकी बिघडले, तेव्हा डॉक्टर गस्सान यांनी तिच्या आईला विचारलं, "घरचं काही देताय का हिला? पाला, काढा?"

"काही नाही हो, डॉक्टर," इनआम म्हणाली आणि उशीचा अभ्रा सारखा करू लागली.

ती नमाज पढायला गेल्यावर चौदा वर्षांच्या सीरीननेच सांगून टाकलं. "गावाकडून शीहचा पाला येतो. आई रोज त्याचा काढा पाजते. कडूजहर असतो."

"त्याने औषधं अंगावर उलटतात, हे तुलाही सांगितलं होतं ना? तरी प्यायलीस?"

"तुमच्याकडे द्यायला एवढी औषधं आहेत. तिच्याकडे तेवढंच आहे."

 संध्याकाळी गस्सान यांनी इनआमला बाहेर बोलावलं. रागावले मात्र नाहीत; 'सीरीनची आई' या अर्थाच्या आदराच्या हाकेने बोलले.

"उम्म सीरीन, काढा आजपासून बंद. पोरीच्या लिव्हरला इजा होतेय. पण एक काम आहे, ते नर्सला जमायचं नाही. रोज ऑलिव्हचं तेल कोमट करून तिचे तळवे चोळायचे, हलक्या हाताने."

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट सुधारले. ते सांगायला गस्सान आले, तर इनआम लेकीच्या पायाशी डोकं टेकून गाढ झोपली होती. हात तेलाने माखलेले होते.

"डॉक्टर, खरं सांगा," सीरीन कुजबुजली, "तेलाने काही फरक पडतो का?"

"पडतो," झोपलेल्या इनआमकडे पाहत गस्सान म्हणाले.